कॅनडा: नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपपासून नागरिकत्वापर्यंत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवरा टोरंटोत पीआर (कायमस्वरूपी रहिवासी) आहे, लग्न नुकतंच रजिस्टर झालंय, तुम्ही पुण्यात. त्याचा पगार पुरेल का, फाइल इथून टाकावी की तिकडे जाऊन, पुढे आईवडिलांना नेता येईल का आणि नागरिकत्व कधी मिळेल.

पगाराची चिंता सोडा. नवरा किंवा बायकोला स्पॉन्सर करायला सहसा किमान उत्पन्नाची अट नाही. स्पॉन्सर सरकारी मदतीवर जगत नसावा (अपंगत्वासाठीची मदत चालते) आणि पीआर असेल तर कॅनडातच राहत असावा. मात्र तो जे हमीपत्र देतो ते तुम्ही पीआर झाल्यापासून ३ वर्षं चालतं. मध्ये घटस्फोट झाला तरी सुटका नाही.

खरा धोका वेगळाच आहे, आणि तो आधी तपासा: लग्न आधी झालं की त्याचं लँडिंग (पीआर म्हणून कॅनडात पहिल्यांदा उतरणं)? पीआरची मंजुरी हातात आली, मग घाईत कोर्ट मॅरेज झालं आणि लँड होताना त्याने स्वतःला अविवाहित सांगितलं, असं असेल तर कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांतला ११७(९)(ड) लागतो. त्याच्या अर्जात तुम्ही दाखवल्या गेला नाहीत, तपासल्या गेला नाहीत, म्हणून फॅमिली क्लासमधून (कुटुंबीयांना स्पॉन्सर करण्याच्या वर्गातून) कायमच्या बाद. अपवाद आहेत, पण फार थोडे. वर चुकीची माहिती दिल्याचा ठपका त्याच्याही पीआरवर येऊ शकतो. असं काही असेल तर फॉर्म भरू नका, आधी वकील गाठा. (एजंट नव्हे.)

तारखा सरळ असतील तर बाहेरून, म्हणजे फॅमिली क्लासमध्ये फाइल करा. नकार आला तर नवऱ्याला ३० दिवसांत अपील करता येतं. कॅनडात राहून करायच्या अर्जात अपिलाचा हक्क नाही, आणि मध्येच भारतात यावं लागलं व परत प्रवेश मिळाला नाही तर अर्ज बुडतो. बाहेरची फाइल चालू असताना व्हिजिटर व्हिसा मागता येतो. फाइल लपवायची नाही, एवढंच.

कागदांत आपल्या लोकांची गाडी नावावर अडते. दहावीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, नव्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटू शकतात. फॉर्ममध्ये ‘इतर नावं’ विचारतात तिथे प्रत्येक रूप लिहा आणि एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. मराठी कागदांचं भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, मग तो कितीही इंग्रजीचा प्राध्यापक असो.

आयएमएम ५६६९ या पार्श्वभूमीच्या फॉर्ममध्ये गेल्या १० वर्षांचा हिशेब महिन्यागणिक द्यायचा असतो. नोकरी सोडून घरी बसलेले चार महिने रिकामे ठेवले की फाइल परत येऊ शकते. ‘बेरोजगार’ लिहा, बिघडत नाही. आयएमएम ५५३२ या फॉर्ममध्ये नातं खरं आहे हे दाखवायचं. फक्त रजिस्टर लग्न झालं असेल, नातेवाईक नसतील, विधी नंतर करायचे ठरले असतील तर कारण तिथेच सांगा. आपल्याकडचं लग्न दोन साक्षीदारांत उरकलेलं दिसलं की शंका येते. मेडिकल फक्त त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडे.

आईवडिलांसाठी आशा कमी धरा. ती योजना निमंत्रणावर चालते, आणि गेली काही वर्षं निमंत्रणं २०२० साली नाव नोंदवलेल्यांनाच गेली आहेत. शिवाय सलग तीन वर्षांचं ठरलेलं उत्पन्न आणि २० वर्षांची हमी (क्यूबेकचे नियम वेगळे). व्यवहारी मार्ग सुपर व्हिसा: एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं, त्यासाठी मेडिकल, मुलाचं किंवा मुलीचं ठरावीक उत्पन्न आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. सज्ञान भावाबहिणीला स्पॉन्सर करणं जवळपास अशक्य.

नागरिकत्वाला नागरिकाशी लग्न झाल्याची कसलीही सूट नाही. अर्जावर सही करण्याआधीच्या ५ वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात हवेत. पीआरच्या आधी स्टडी, वर्क किंवा व्हिजिटर म्हणून कायदेशीर राहिलेला दिवस अर्धा धरतात, जास्तीत जास्त ३६५. तुम्ही थेट पीआर म्हणून उतरलात तर पूर्ण १,०९५ मोजा आणि वर महिनाभराची भर ठेवा, कारण भारतवारीच्या तारखा पासपोर्टच्या शिक्क्यांशी हमखास चुकतात. जाण्याचा आणि परतीचा दिवस कॅनडातलाच धरतात. लागू असेल तर ३ वर्षांचे टॅक्स रिटर्न भरलेले हवेत. १८ ते ५४ वयात परीक्षा असते, २० पैकी १५ बरोबर. भाषेसाठी इंग्रजी माध्यमातली पदवी चालते, माध्यम लिहिलेलं पत्र मात्र विद्यापीठाकडून आताच घेऊन ठेवा.

शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं (१९५५ च्या कायद्याचं कलम ९). त्या पासपोर्टवर पुढे प्रवास करणं गुन्हा आहे. तो सरेंडर करा, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) काढा. ओसीआयवर मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते. तेव्हा वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तुमचं नाव लागायचं असेल तर तिथेही पासपोर्टवरचंच नाव लागेल याची काळजी घ्या.