लॅटेक्सच्या गादीचं नाव नको, वजन विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या घरासाठी सहा बाय साडेसहा फुटांची लॅटेक्सची, म्हणजे मुळात रबराच्या चिकापासून केलेल्या फोमची, गादी हवी आहे, आईची कंबर दुखते म्हणून आरामदायक हवी, बजेट बेताचं आहे. आणि त्याच मापाची, सहा इंच जाडीची ‘शंभर टक्के नॅचरल लॅटेक्स’ गादी एक जण चौदा हजारांना सांगतोय, दुसरा पंचेचाळीस हजारांना. खरं कुणाचं?

चौदा हजारवाल्याचं खरं असणं फार अवघड आहे. कसं ते हिशेबानेच बघू.

78 बाय 72 इंच आणि 6 इंच जाडी म्हणजे साधारण 0.55 घनमीटर. आपल्याकडे दुकानदार लॅटेक्सची डेन्सिटी बहुधा 80 च्या आसपास सांगतात, म्हणजे एका घनमीटरला 80 किलो. गुणाकार केला की 44 किलो येतात. हीच गादी 32 डेन्सिटीच्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमची, म्हणजे नेहमीच्या साध्या फोमची असेल तर 18 किलोंच्या आत बसते. आता रबराचा भाव बघा. कोट्टायमला रबर बोर्डाचं मुख्यालय आहे, त्यांच्या संकेतस्थळावर रोजचा भाव असतो. गेली दोन-तीन वर्षं तो साधारण दीडशे ते अडीचशे रुपये किलोच्या दरम्यान फिरतोय. म्हणजे 44 किलोंच्या गादीत नुसतं रबरच कमीत कमी साडेसहा-सात हजारांचं. त्यावर कारखान्याचा खर्च, सुती कव्हर, दक्षिणेतून इथवरची वाहतूक, जीएसटी, दुकानदाराचा नफा. चौदा हजारांत हे सगळं कुठून बसणार?

मग त्या पैशात मिळतं काय? बहुतेक वेळा वर एक इंच लॅटेक्स आणि खाली पाच इंच साधा फोम. किंवा रबराइज्ड कॉयर, म्हणजे काथ्यावर लॅटेक्स फवारून दाबलेला थर. काथ्याची गादी वाईट नसते, कडक आणि टिकाऊ असते, पण ती लॅटेक्सची गादी नव्हे. ‘लॅटेक्स फील’ असं छापलेलं दिसलं तर आत लॅटेक्स नाही असंच धरून चाला.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारायचा, “कव्हर सोडून वजन किती?” आणि मग किंमत भागिले वजन करायचं. दोन गाद्यांची तुलना किलोमागे किती रुपये पडतात यावर करा, ब्रँडच्या जाहिरातीवर नको. मी नातेवाइकांसाठी गाद्या बघताना हेच करतो, आणि निम्म्या गाद्या तिथल्या तिथे बाद होतात.

पण वजन भरलं म्हणून लगेच पैसे देऊ नका. वजन दोन तऱ्हांनी फुगवता येतं. एक म्हणजे आत रीबॉन्डेड फोम घालून. फोमच्या कतरणी दाबून केलेला हा रंगीबेरंगी ठिपक्यांचा थर चांगलाच जड असतो. दुसरं म्हणजे लॅटेक्समध्येच खडूसारखी भुकटी मिसळून. असं लॅटेक्स लवकर लवचीकपणा गमावतं आणि त्याचा भुगा पडायला लागतो. त्यामुळे कव्हरला चेन असलेलीच गादी घ्या आणि चेन उघडून आत बघा. वरून खालपर्यंत एकच मलईसारखा रंग, दोन्ही बाजूंना बारीक भोकं, रबराचा मंद वास, आणि मूठ दाबून सोडली की लगेच वर येणारा पृष्ठभाग. भोकं आता साध्या फोमलाही पाडतात, तेवढ्यावर जाऊ नका. चेन नाही, शिवून बंद केलेली आहे, उघडता येणार नाही असं म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा.

प्रमाणपत्रांबद्दल एवढं लक्षात ठेवा. ओएको-टेक्स स्टँडर्ड 100 हे घातक रसायनं मर्यादेत आहेत इतकंच सांगतं. लॅटेक्स झाडाचं की कारखान्यातलं, हे त्यातून कळत नाही. कृत्रिम रबर मिसळलेल्या गादीलाही ते मिळू शकतं. गॉल्स (GOLS) हे सेंद्रिय लॅटेक्ससाठीचं प्रमाणपत्र जास्त कडक आहे, त्यात 95 टक्क्यांहून जास्त कच्चा माल प्रमाणित सेंद्रिय लागतो. मात्र त्याचे पैसेही मोजावे लागतात. बेताच्या बजेटमध्ये त्याचा हट्ट धरू नये असं माझं मत आहे.

विक्रेता डनलप की टॅलाले असंही विचारेल. डनलप पद्धत 1929 पासूनची: चीक घुसळून फेस करायचा, साच्यात ओतायचा आणि इडलीसारखा वाफेवर शिजवायचा. टॅलालेमध्ये निर्वात करून, गोठवून मग शिजवतात. ती गादी जरा हलकी, मऊ आणि बरीच महाग. भारतात बनणारं बहुतेक लॅटेक्स डनलपच आहे आणि ते उत्तम टिकतं. जास्तीचे पैसे टॅलालेवर घालवण्यापेक्षा चांगल्या डेन्सिटीवर घाला.

आता आईच्या कमरेचं. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द कुठलीही कंपनी कुठल्याही गादीवर छापू शकते, त्याला अर्थ नाही. पाठदुखीला फळीसारखी कडक गादी हवी ही आपल्याकडची पक्की समजूतही तपासून बघायला हवी. 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या जुनाट कंबरदुखीच्या 313 रुग्णांवरचा अभ्यास आला होता. 90 दिवसांनंतर कडक गादीवाल्यांपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला होता. तेव्हा मध्यम कडकच बघा, आणि आईंना दुकानात घेऊन जा. त्यांना कुशीवर दहा-पंधरा मिनिटं निवांत पडू द्या आणि तुम्ही मागून पाठीचा कणा सरळ रेषेत राहतो का ते पाहा. माझ्या आत्याला जन्मभर कापसाच्या गादीची सवय. पहिल्यांदा लॅटेक्सवर बसली तेव्हा “ही मला वर ढकलते” म्हणाली. आईंनाही तसं वाटेल, सवयीला थोडे दिवस द्या. घरात कुणाला रबराची ॲलर्जी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

पैसे वाचवायचे दोन रास्त मार्ग आहेत. घरात सध्या काथ्याची गादी असेल आणि ती बसली नसेल, खड्डे नसतील, तर तिच्यावर दोन इंची लॅटेक्सचा टॉपर, म्हणजे वरून घालायचा पातळ थर, टाका. किंवा सहाऐवजी चार इंच लॅटेक्स आणि खाली दोन इंच काथ्या अशी गादी घ्या. सडपातळ माणसाला ती पुरते. शिवाय एका मोठ्या गादीऐवजी 78 बाय 36 च्या दोन घेतल्या तर प्रत्येकी 22 किलो भरतात. 44 किलोंची लवचीक गादी जिन्यावरून चढवणं फार जिकिरीचं असतं.

शेवटी काळजीबद्दल, कारण इथे आपली सवय आड येते. उन्हाळ्यात गाद्या गच्चीवर उन्हात घालायची आपली रीत कापसासाठी अगदी योग्य आहे. लॅटेक्स मात्र उन्हात अजिबात ठेवायचं नाही. ऊन आणि उष्णतेने रबर पिवळं पडतं, कडक होतं, तुकडे पडतात. धुवायचं फक्त कव्हर. बॉक्स पलंग असेल तर प्लायवूडला सुताराकडून भोकं पाडून घ्या, आणि पावसाळ्यात अधूनमधून गादी उभी करून खालची बाजू पंख्याच्या वाऱ्याला धरा. ओल खालीच साचते.

आणि बिलावर नुसतं ‘लॅटेक्स मॅट्रेस’ नको. प्रत्येक थर कशाचा, किती इंचांचा आणि किती डेन्सिटीचा, हे दुकानदाराकडून बिलातच लिहून घ्या.