पत्रात खुराक आहे, पोरगा कुठाय?

प्रश्न : मुलगा अठरा वर्षांचा, बारावीला आहे. वजन 112 किलो. चार वर्षं कोल्हापुरात तालमीत राहतो. दीड एकर विकून त्याचा खुराक चालवलाय. मी स्वतः गुडघ्यामुळे कुस्ती सोडली, त्यामुळे यानं तरी महाराष्ट्र केसरीची गदा आणावी एवढीच इच्छा. आता मॅटवरचे कोच म्हणतात, याला ग्रीको-रोमनला टाका. आमच्याकडं म्हणतात, ज्याला पट (पाय धरून पाडायचा डाव) निघत नाही त्याची ती कुस्ती. कोचचं ऐकावं का? त्यात करिअर आहे का?
– एक पालक, करवीर तालुका

उत्तर : नमस्कार. वर छापलंय ते तुमच्या पत्राचं सार. मूळ पत्र तीन पानी आहे आणि त्यातलं एक अख्खं पान खुराकाचं. दूध किती लिटर, बदाम किती, तूप कुठल्या म्हशीचं, सगळं काट्यावर मोजल्यासारखं. पोराबद्दल मात्र एकच ओळ : ‘तो काही बोलत नाही, वस्ताद सांगतील तसं करतो.’

माझं लक्ष तिथंच अडकलं. बोलत नाही म्हणजे त्याची हरकत नाही, असं तुम्ही धरून चाललाय. दीड एकर विकल्याचं त्याला ठाऊक असणारच. मग तो तोंड उघडेल कसा? दुधाच्या प्रत्येक तांब्यामागं त्याला बांध दिसत असेल. माझ्याकडं अशी पोरं येतात. वडील शेजारी असले की कान तुटलेला तो गडी जमिनीकडं बघत बसतो, आणि वडील चहाला खाली उतरले की पाच मिनिटांत सगळं सांगून मोकळा होतो. कुणाला आखाडा सोडायचा असतो, तर कुणाला उलट अजून जोरात खेळायचं असतं, फक्त बापाच्या राहिलेल्या कुस्तीचं ओझं नको असतं. तुमचा मुलगा यातला कुठला, हे मला माहीत नाही आणि, राग मानू नका, तुम्हालाही नाही.

आता ते ‘पट निघत नाही त्याची कुस्ती’. हे साफ चुकीचं आहे. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही आणि डावाला पाय वापरायचा नाही. म्हणजे पायांचे डाव संपले : पट गेला, टांग गेली, एकलंगी गेली. उरलं काय? छाती, खांदे, मान आणि पकड. समोर शंभरावर किलोचा गडी, तो पाय रोवून उभा, आणि त्याला नुसत्या मिठीवर उचलून मागं टाकायचा. रशियाचा करेलिन मॅटवर पालथा पडलेला मल्ल कमरेला मिठी मारून उपसायचा आणि डोक्यावरून फेकायचा. 1988, 1992, 1996 अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं त्यानं घेतली. क्युबाचा मिहाईन लोपेझ 2004 ला अथेन्समध्ये पाचवा आला होता. पुढं 2008 पासून 2024 पर्यंत पाच सुवर्णं, तीही सलग. शेवटचं पॅरिसला 130 किलोत, वयाच्या 41 व्या वर्षी, आणि मग निवृत्तीची खूण म्हणून बूट मॅटवरच काढून ठेवले. याला दुय्यम कुस्ती म्हणायचं धाडस मी तरी करणार नाही. जड अंगाचा मल्ल उशिरा पिकतो, हेही त्यातून दिसतं. तुमची घाई अठराव्या वर्षीच सुरू झालीय.

पण कोचनं न सांगितलेली गोष्टही ऐका. यात्रेच्या मैदानात ग्रीकोची जोड लागत नाही. खासबागेत हलगी कडाडते, फेटा उडतो, इनाम पुकारलं जातं ते सगळं पट काढणाऱ्यांसाठी. हा रस्ता धरला तर गावची वाहवा आणि मैदानाचे पैसे, दोन्ही विसरायचं. घरही सुटेल, कारण जोडीदार आणि कोच पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटला किंवा सोनीपतच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात मिळतात, गल्लीत नाही. भारताला ग्रीकोत ऑलिंपिक पदक अजून एकही नाही. आशियाई अजिंक्यपदाचं सुवर्ण 2020 ला सुनील कुमारनं 87 किलोत आणलं, तेही 27 वर्षांनी. म्हणजे गर्दी कमी, पण वाट लांब. गदेसाठी यात जायचं असेल तर जाऊच नका.

आणि दुसऱ्या पानाच्या कडेला ‘ताकदीची पावडर, तालमीतला एकजण देतो’ असं लिहिलंय. ती आजच्या आज बंद करा. डब्यात काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. डोपिंगमध्ये सापडला तर काही वर्षांची बंदी येते आणि स्पोर्ट्स कोट्याचं दारही बंद होतं.

नोकरीचं थोडक्यात : रेल्वे, सेनादल, पोलीस, राज्य सरकारातलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण, नाहीतर पदवीनंतर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) किंवा पतियाळाचा कोचिंग डिप्लोमा. यातल्या बऱ्याच ठिकाणी बारावी किंवा पदवी लागतेच. खाशाबा जाधव आपल्या राजाराम कॉलेजचे. हेलसिंकी ऑलिंपिकला जाताना प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून त्यांना पैसे दिले. 1952 ला पदक आलं, पण 1955 मध्ये पोलिसात फौजदार म्हणून नोकरी धरावीच लागली.

तेव्हा कोचचं ऐकायचं की नाही, हे मी तुम्हाला सांगणार नाही, पोराला सांगेन. येत्या रविवारी तालमीला सुट्टी असेल तेव्हा त्याला एकट्याला पाठवा. यायच्या आधी हाडांच्या डॉक्टरांकडून त्याचे दोन्ही गुडघे तपासून घ्या, कारण तुमचा गेला तो गुडघाच होता आणि 112 किलो त्यावरच उभे आहेत. आणि तीन पानांत कुठंच नाही म्हणून विचारतो, बारावीचा फॉर्म भरलाय ना?