दापोलीकडच्या उपकेंद्रातली एएनएम बाळंतपण करू शकते का, की त्याला वेगळी मिडवाईफ लागते?

हो, करू शकते, साधं नॉर्मल बाळंतपण असेल तर नक्कीच, एएनएम म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाईफ, नावातलं शेवटचं एम मिडवाईफचंच आहे. मी इथल्याच एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) स्टाफ नर्स आहे म्हणून सांगते, एएनएमचा कोर्स 2 वर्षांचा, त्यावर 21 दिवसांचं एसबीए (कुशल प्रसूती सहाय्यक) ट्रेनिंग असतं, त्यात पार्टोग्राफ (बाळंतपणाची प्रगती नोंदवायचा तक्ता) भरणं, बाळ बाहेर आल्याबरोबर आईला 10 युनिट ऑक्सिटोसिन (जास्त रक्तस्राव टाळणारं इंजेक्शन) देणं, झटके आले तर मॅगसल्फचा (झटके थांबवणाऱ्या औषधाचा) पहिला डोस देऊन पुढे पाठवणं हे सगळं हातात बसवतात. तुम्ही म्हणताय ती 'वेगळी मिडवाईफ' म्हणजे एनपीएम (नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाईफरी), केंद्र सरकारने 2018 मध्ये आणलेली, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालं की वर 18 महिन्यांचा कोर्स, पण ती उपकेंद्रासाठी नाहीच, मोठ्या हॉस्पिटलांसाठी आहे, त्यामुळे गावात तिची वाट बघत बसू नका.

फक्त एक, करता येतं म्हणजे तिथेच करावं असं नाही. डोंगराळ भागात 3000 लोकांमागे एक उपकेंद्र हा निकष कागदावर बरा दिसतो हो, पण तीच एएनएम लसीकरणाला पलीकडच्या वाडीत गेली की दाराला कुलूप. त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यातच तिला विचारून ठेवा रात्री तिथे कोण असतं ते. आणि खालीलपैकी काही असेल तर थेट उपजिल्हा रुग्णालयच धरा:
- बीपी वाढलेलं
- आधीचं सिझर
- जुळं किंवा पायाळू
- एचबी (हिमोग्लोबिन) 7 च्या खाली

108 ला फोन मात्र कळा सुरू झाल्या झाल्याच करा, पावसात घाटातून गाडी यायला वेळ लागतो.