एंजलची अंडी बाजूला काढण्याआधी

तुमच्या टाकीतल्या एंजल माशांच्या जोडीने दोनदा अंडी खाल्ली, तिसऱ्या खेपेला पिल्लं निघाली, पण पोहायला लागल्यावर चार दिवसांत सगळी गेली. आता पुढच्या वेळी अंडी आईबापांपासून लगेच काढायची का, हा तुमचा प्रश्न. माझं मत : काढू नका. नवी जोडी सुरुवातीला अंडी खातेच. तिसऱ्या वेळी त्यांनी पिल्लं पोहेपर्यंत सांभाळली, म्हणजे ती आता रुळली आहेत. गडबड तुम्ही घातलेल्या उकडलेल्या अंड्याच्या बलकात दिसते. तो हलत नाही, त्यामुळे पिल्लांचं त्याकडे लक्षच जात नाही. तळाशी बसतो, सडतो, आणि अमोनिया वाढतो. पिल्लं एकीकडे उपाशी, दुसरीकडे विषारी पाण्यात.

पाणी 27-28 अंशांवर असेल तर अंडी दोन-अडीच दिवसांत फुटतात. पांढरी पडलेली अंडी आईबाप टिपून काढतात, त्याला अंडी खाणं समजू नका. पुढचे चार-पाच दिवस पिल्लं पानाला चिकटून नुसती वळवळतात. तेव्हा पोटाखालच्या पिशवीवर त्यांचं भागतं, काहीही घालायचं नाही. पोहायला लागली की मात्र त्याच दिवशी ताजा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची नुकती निघालेली पिल्लं) तयार हवा.

म्हणून माशांची पिल्लं वळवळू लागली की बाटलीत आर्टेमियाची अंडी उबवायच्या तयारीला लागा. एक लिटर पाण्यात साधारण 25 ग्रॅम मीठ, तळापासून जोरात हवा, वर दिवा. 28 अंशांच्या आसपास चोवीस तासांत आर्टेमियाची पिल्लावळ निघते. मग हवा बंद करून बाटलीच्या एका बाजूला उजेड धरा. टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात आणि जिवंत आर्टेमिया उजेडाकडे गोळा होतो. तो बारीक नळीने ओढा, गोड्या पाण्यात धुवा आणि लगेच घाला. शिळा झाला की त्यातला कस कमी होतो. दोन बाटल्या आलटून पालटून लावल्या की खाडा पडत नाही. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की समजा खाताहेत. हे रोज बघा, बाकी सगळं नंतर.

फिल्टर स्पंजचा, आधीपासून चालू असलेला. रोज दहा-वीस टक्के पाणी बदला. पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं असू द्या. उपसायला एअर पंपाची बारीक नळी घ्या, मोठ्या नळीतून पिल्लं ओढली जातात. रात्री मंद दिवा ठेवा. अचानक मिट्ट अंधार झाला की जोडी बिथरते.

म्बुनांचा (आफ्रिकेतल्या मलावी तलावातल्या माशांचा) सल्ला इथे लावू नका. त्यांची मादी पिल्लं तीनेक आठवडे तोंडातच ठेवते आणि ती बाहेर पडतात तेव्हा कुस्करलेले फ्लेक खाण्याइतकी मोठी असतात. एंजलची पिल्लं त्यापेक्षा फार बारीक.

जोडी नव्या अंड्यांसाठी पुन्हा पान घासून स्वच्छ करू लागली की जुन्या पिल्लांना हाकलून लावते. त्यांना तेव्हा वेगळ्या टाकीत हलवा. ती टाकी आत्ताच चालू करून ठेवा.