बाथटबाखाली वाळू भरून चारी बाजूंनी टाइल्सनी पॅक करावं का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये अ‍ॅक्रिलिक टब बसवताय आणि गवंडी वाळू भरा म्हणतोय, तर नको. वाळू एकदा भिजली की वाळत नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. भार टबाखालच्या फ्रेमच्या पायांवरच हवा, टबाच्या काठावर नाही. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, वर माणूस. म्हणून पाय स्लॅबवर घट्ट टेकवून लेव्हल काढा. फ्रेम साधी लोखंडी असेल तर आधी रेडऑक्साईड, म्हणजे गंज रोखणारा लाल प्रायमर, मारा.

टाइल्स लावण्याआधी टब भरून पाणी सोडून द्या आणि खाली बॅटरी मारून वेस्टचा, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या तोंडाचा, जॉइंट गळतो का बघा. वॉटरप्रूफिंग टबामागच्या भिंतीवरही हवं, तिथंच लोक पैसे वाचवतात.

टाइल काठाला चिकटवू नका, तीनेक मिलिमीटर फट ठेवा. त्यात ग्राउट (टाइल्सच्या फटीत भरतात ते सिमेंटसारखं मिश्रण) नाही, बुरशी न धरणारं सिलिकॉन. तेही टब भरलेला असताना भरायचं आणि सुकेपर्यंत पाणी तसंच ठेवायचं. टब रिकामा असताना सिलिकॉन भरलं तर पहिल्याच आंघोळीला काठ दबून ते सुटतं.

आणि ट्रॅपसमोरची (टबाखालच्या सांडपाण्याच्या वाकड्या पाइपासमोरची) एक टाइल काढता येईल अशी ठेवा. गवंडी कुरकुर करेल, करू दे.