आईच्या ऑपरेशननंतर दवाखान्यातून अभ्यासासाठी फोन येतात. किती वेळा डॉक्टरकडे गेलात, खर्च किती झाला, असं विचारतात. उत्तरं द्यावीत का? आमचा काय फायदा?

द्या, आणि खरी द्या. "हो हो, गोळ्या चालू आहेत" म्हणून फोन ठेवणारे खूप असतात. सोलापुरात अशाच एका अभ्यासासाठी मी घरोघर फिरले आहे, म्हणून सांगते.

बीपीच्या रुग्णांचा अभ्यास होता. पूर्व भागातल्या एका विडी कामगार अक्कांचा फोन लागेना, भाड्याची खोलीही बदललेली. आमचे साहेब म्हणाले, 'संपर्क नाही' लिहा आणि फाईल बंद करा, या बायका गोळ्या खातच नाहीत. मला ते झोंबलं, माझी आजीही विड्याच वळायची. विड्या द्यायच्या वेळी कारखान्याच्या दारात उभी राहिले. बायकांना विचारत विचारत अक्का सापडल्या. त्या तेलुगूत बोलायच्या, शेजारीण मराठीत सांगायची. गोळ्या बंद होत्या, हे खरं. पण दवाखान्यात फुकट गोळ्या मिळायची वेळ आणि विड्या देऊन पान-तंबाखू घ्यायची वेळ एकच होती. गोळ्यांच्या रांगेत उभं राहिलं की दुसऱ्या दिवशी वळायला पानच नाही. मी हे फॉर्मच्या समासात लिहिलं. "याला कॉलम नाही" म्हणून साहेबांनी खोडायला लावलं.

ते चुकलेच. ज्याला गुण आला, ज्याला सवड आहे, तोच परत येतो. न येणारे गाळून हिशेब केला तर कुठलाही उपचार गुणकारी दिसेल.

फायद्याचं म्हणाल, तर आईला कदाचित काहीच नाही. पण शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि आपल्या बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने गावांचे ५२ समूह चार गटांत वाटून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष आले. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात त्या कॅन्सरने ३४ मृत्यू, नेहमीच्या सोयींवर राहिलेल्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. वर्षानुवर्षं कुणीतरी गावोगाव माग काढत राहिलं, म्हणून हे कळलं. त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवलं यावर पुढे टीका झाली, आणि ती मला पटते.

हो, एक राहिलं. संमतीपत्र आईला कळेल अशा भाषेत हवं. अभ्यासाचं नाव, मुख्य डॉक्टर आणि अभ्यासाला परवानगी देणारी नैतिकता समिती कुठली ते विचारा, दवाखान्यात जाऊन खात्री करा. कधीही बाहेर पडता येतं, उपचार अडवता येत नाहीत. बँकेचं काही विचारलं तर फोन ठेवा. नव्या औषधाची चाचणी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे नीट वाचल्याशिवाय सही नको.

आणि आईने एखादी गोळी सोडली असेल तर का सोडली तेही सांगा. पलीकडचा "हो की नाही एवढंच सांगा" म्हणाला, तरी कारण लिहायला लावा.