सेन्सर शिकायचाय ना? मग केमिस्ट्री सोडू नका

नमस्कार भाऊ,

पांढरकवड्याहून पाठवलेलं पत्र मिळालं. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, पाण्यातली अँटिबायोटिक्स शोधणारे सेन्सर बनवायचं म्हणते. तुम्हाला वाटतं हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं काम, आणि नातेवाईक म्हणतात बी.एड. करून मोकळी होऊ द्या.

आजीची शुगर घरीच तपासता, असं लिहिलंत. त्या ग्लुकोमीटरची पट्टी हाच विद्युत-रासायनिक सेन्सर. पट्टीवरच्या एन्झाइमची रक्तातल्या साखरेशी क्रिया होते, इलेक्ट्रॉन सुटतात आणि मीटर तो करंट मोजतं. मीटर इलेक्ट्रॉनिक्सवाला बनवेल, पण पट्टीवर काय लावायचं ते केमिस्ट्रीवालाच ठरवतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिकही ठरावीक व्होल्टेजला इलेक्ट्रॉन सोडतं, त्यावरून त्याचं प्रमाण काढता येतं. खरी कसोटी नाल्याच्या पाण्यात लागते. तिथं औषध अगदी सूक्ष्म असतं आणि बाकीची घाण इलेक्ट्रोडवर, म्हणजे सेन्सरच्या पाण्यात बुडणाऱ्या टोकावर, चिकटून बसते. शुद्ध पाण्यात झकास चाललेला सेन्सर तिथं गडबडतो.

पोरीनं विषय मात्र मोलाचा निवडलाय. हैदराबादजवळ पटनचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करून सोडतात. त्या सोडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचं 2007 साली प्रसिद्ध झालं. अशा पाण्यात वाढलेले जंतू पुढे औषधाला दाद देत नाहीत.

आता रोजचं काम कसं असतं तेही तिला कळू द्या. ग्लासी कार्बनचा (काचेसारख्या कडक कार्बनचा) इलेक्ट्रोड अ‍ॅल्युमिना या बारीक पावडरीच्या पांढऱ्या लेपावर इंग्रजी आठच्या आकारात घासायचा, धुवायचा, करंटचा आलेख काढायचा. आलेखात औषधाचं शिखर नीट आलं नाही की पुन्हा घासायचा. असे दिवसच्या दिवस जातात. हे तिला मनापासून आवडलं, तर तिला अडवू नका.

सेन्सरचा वेगळा कोर्स आत्ता शोधू नका. आधी केमिस्ट्रीत एम.एस्सी. होऊ द्या. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी, सोबत नागपूर आणि अमरावती विद्यापीठांचे अर्जही भरावेत. जॅमचा पेपर इंग्रजीत असतो, म्हणून सराव आजपासूनच हवा. पुढे सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधन करताना महिन्याला 37,000 रुपये मिळतात. पाण्यावर काम करणारी नीरी ही संशोधन संस्था तर नागपुरातच आहे. संशोधनात मन रमलं नाही, तरी औषध कंपन्यांची क्वालिटी कंट्रोल लॅब आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा आहेतच. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं, आज त्याची घाई मला पटत नाही.

एक काम मात्र या दिवाळीच्या सुटीत कराच. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी गावांच्या बोअरला फ्लोराईड आहे. तुमच्या बोअरचं पाणी स्वच्छ बाटलीत भरा आणि पोरीला घेऊन जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत जा. तिथं फ्लोराईड मोजायचा इलेक्ट्रोड असेल तर तो तिला हाताळू द्यायची विनंती करा. तोही सेन्सरच आहे. तिनं तिथल्या माणसांना काय काय विचारलं, ते मला नक्की कळवा.